मेगावॅट मोजले, घड्याळ राहिले: स्वच्छ ऊर्जेकडे वळताना या चुका टाळा

सौर किंवा पवन प्रकल्पाच्या फलकावर एक आकडा ठळक असतो: इतके मेगावॅट. ती वीज दिवसाच्या कोणत्या वेळी तयार होणार, कोणत्या वाहिनीवरून जाणार आणि त्या वेळी ती वापरायला कोण असणार, हे फलकावर कधीच नसते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या न लिहिलेल्या तीन गोष्टींतून निघालेल्या आहेत. यंत्र फसल्याची उदाहरणे कमी, हिशेब फसल्याची फार.

या चुकांबद्दल तळमळीने लिहायचे कारण असे, की फसलेला एक प्रकल्प पुढच्या दहा चांगल्या प्रकल्पांची वाट अडवतो. लोक म्हणतात, “बघा, आम्ही सांगतच होतो.” आणि चूक नेमकी कुठे झाली, हे शोधायला मग कोणी थांबत नाही.

मेगावॅट आणि युनिट यांची गल्लत

मेगावॅट ही यंत्राची ताकद, युनिट (किलोवॅट-तास) हे त्याने केलेले काम. १०० मेगावॅटचे कोणतेही केंद्र वर्षाचे ८,७६० तास पूर्ण ताकदीने चालले तर ८७.६ कोटी युनिट देईल. तसे कोणतेच केंद्र चालत नाही. चांगल्या उन्हाच्या जागी सौर प्रकल्पाचा क्षमता वापर (पूर्ण ताकदीच्या तुलनेत वर्षभरात प्रत्यक्ष मिळणारी वीज) २० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे साडेसतरा कोटी युनिट. जमिनीवरच्या चांगल्या पवन प्रकल्पाला ३५ टक्के धरले तर साडेतीस कोटींच्या थोडे वर. नीट चालणारे अणुकेंद्र ९० टक्क्यांपर्यंत जाते आणि ७९ कोटींच्या जवळ पोहोचते. तेव्हा “इतके मेगावॅट कोळसा बंद केला, तितकेच मेगावॅट सौर उभारले” असे कोणी म्हणाले की आधी युनिट विचारा.

याच्या उलटी चूकही तितकीच होते. आज जाळल्या जाणाऱ्या कोळशा-तेलातली सगळी ऊर्जा तेवढ्याच स्वच्छ ऊर्जेने भरून काढावी लागेल, असा हिशेब मांडला जातो आणि आकडा पाहून माणूस हबकतो. पण पेट्रोलच्या गाडीत इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतली तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा चाकांना मिळते. घर गरम करणारा उष्णता पंप एका युनिट विजेवर तीन-चार युनिट उष्णता आत आणतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून आणतो. म्हणजे भरून काढायची आहे ती प्रत्यक्ष कामाला येणारी ऊर्जा, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे.

आणखी एक आकडा हाताशी असू द्या. जगात शेवटी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा साधारण एक पंचमांश आहे. उरलेली ऊर्जा वाहनांत, भट्ट्यांत, बॉयलरमध्ये थेट इंधन म्हणून जळते. “आमची वीज शंभर टक्के स्वच्छ” ही मोठी गोष्ट आहे, पण त्याचा अर्थ ऊर्जा शंभर टक्के स्वच्छ असा होत नाही.

दुपारचे ऊन, संध्याकाळचे दिवे

कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालकांनी २०१३ मध्ये एक आलेख काढला. एकूण मागणीतून सौर आणि पवन वीज वजा केली की दुपारी रेषा खोल जाते आणि सूर्य मावळताना ताठ वर चढते. आकार बदकासारखा दिसतो म्हणून त्याला बदक वक्र असे नाव पडले. जिथे सौर वीज वाढते तिथे हे बदक येतेच. दुपारी वीज फुकट द्यायची वेळ येते, कधी पॅनेल मुद्दाम बंद ठेवावे लागतात, आणि तीन तासांनी तीच वीज मिळता मिळत नाही.

यावर पहिला उपाय म्हणून सगळे बॅटरीकडे धावतात. त्याआधी मागणी हलवता येते का ते बघा. पाणी उपसणे, टाक्या भरणे, शीतगृह आणखी दोन अंशांनी थंड करून ठेवणे, गाड्या चार्ज करणे, पाणी तापवणे, ही कामे दुपारी केली तरी कुणाचे काही अडत नाही. जुन्या वीजदरांनी आपल्याला रात्री स्वस्त वीज वापरायची सवय लावली. टायमर अजून रात्री एकला लावलेला आणि छतावर पॅनेल, अशी जोडी मी वारंवार पाहिली आहे. टायमर बदलायला खर्च शून्य.

त्यानंतर बॅटरी. इथे पुन्हा तीच गल्लत आडवी येते. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ च्या अखेरीस सुरू झाली तेव्हा लिथियम बॅटऱ्यांत जगात सर्वांत मोठी होती: १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तास. भागाकार केला तर पूर्ण ताकदीने ती सव्वा तासाच्या थोडी वर चालते. एवढ्याने राज्याची रात्र निघत नाही, आणि ती त्यासाठी उभारलेलीही नव्हती. तिचे खरे काम ग्रिडची वारंवारिता, म्हणजे विजेचा ताल, घसरू लागताच क्षणार्धात वीज सोडण्याचे, आणि ते तिने उत्तम केले. म्हणून बॅटरी घेण्याआधी काम ठरवा. काही सेकंदांचा आधार हवा आहे, संध्याकाळचे चार तास काढायचे आहेत, की ढगाळ आणि वारा पडलेला अख्खा आठवडा? जर्मन भाषेत अशा काळोख्या, निर्वात दिवसांना ‘डुंकेलफ्लाउटे’ असा शब्दच आहे.

चार तासांसाठी आज लिथियम बॅटरी सहज परवडते. २०१० मध्ये तिच्या संचाचा भाव एका युनिट साठ्यामागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरच्या आसपास आला. एका जागी ठेवायच्या साठ्यासाठी लोह-फॉस्फेट प्रकार निवडावा. त्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही, आग लागण्याचा धोका कमी आणि आयुष्य जास्त. वजनाला थोडी जड, पण जमिनीवर ठेवलेल्या वस्तूचे वजन कुणाला नडते? आठ-दहा तासांसाठी उदंचन जलविद्युत, म्हणजे वरच्या आणि खालच्या जलाशयांत पाणी खेळवणे, अजूनही भक्कम आहे. चीनमधल्या डालियन येथे २०२२ मध्ये व्हॅनेडियम द्रावणावर चालणारी १०० मेगावॅट, ४०० मेगावॅट-तासांची बॅटरीही जोडली गेली. आठवड्याभराच्या तुटीवर मात्र एकट्या बॅटरीचा उपाय शोधू नका. तिथे दूरच्या प्रदेशाशी जोडणारी वाहिनी, जलाशयात राखलेले पाणी आणि राखीव केंद्रे लागतात.

वाहिनी मागाहून

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जगभरात सुमारे ३,००० गिगावॅटचे नवीकरणीय प्रकल्प ग्रिडच्या जोडणीसाठी रांगेत उभे होते. त्यांतले निम्मे तर तयारीच्या पुढच्या टप्प्यात पोहोचलेले. त्याच अहवालानुसार २०४० पर्यंत ८ कोटी किलोमीटर वाहिन्या नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील. घोडे पेंड खाते ते इथे: सौर किंवा पवन प्रकल्प १ ते ५ वर्षांत उभा राहतो, मोठ्या वाहिनीला नियोजनापासून ५ ते १५ वर्षे लागतात. आधी प्रकल्प आणि मग वाहिनी हा क्रम म्हणजे वरातीमागून घोडे.

नवी वाहिनी होईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. जुन्याच मनोऱ्यांवरच्या पोलादी गाभ्याच्या तारा काढून कार्बन तंतूंच्या गाभ्याच्या तारा ओढल्या, तर त्याच मार्गाने जवळपास दुप्पट वीज जाऊ शकते. कारण या तारा तापल्या तरी फार लोंबत नाहीत. दुसरा उपाय त्याहून सोपा. तारेची वहनक्षमता वर्षभर एकच धरतात, तीही कडक ऊन आणि पडलेला वारा गृहीत धरून. प्रत्यक्षात वारा सुटला की तार थंड होते आणि जास्त वीज वाहू शकते. पवनचक्क्या जोरात फिरतात तेही नेमके तेव्हाच. संवेदक बसवून तासातासाला क्षमता ठरवली तर नवा मनोरा न उभारता वाट मोकळी होते. तिसरा मार्ग एकाच जोडणीवर सौर, पवन आणि बॅटरी एकत्र आणण्याचा, कारण एकट्या सौर प्रकल्पासाठी घेतलेली जोडणी रात्रभर रिकामी पडून असते.

अंधार झाला की दोष कुणाचा?

मोठी वीज गेली की तासाभरात दोषी जाहीर होतो. कुणी म्हणते पवनचक्क्या, कुणी म्हणते कोळसेवाले. चौकशीचा अहवाल काही महिन्यांनी येतो आणि तोवर लोकांचे मत बनून गेलेले असते. दुरुस्ती शिकायची असेल तर हे अहवाल वाचावेत. तीन घटना सांगतो.

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले. त्यामुळे काही मिनिटांत व्होल्टेज पुन्हा पुन्हा खाली गेले. नऊ पवन प्रकल्पांच्या यंत्रणेत एक मर्यादा घातलेली होती: ठरावीक वेळेत व्होल्टेज इतक्यांदा पडले की स्वतःहून वीज कमी करायची. ती मर्यादा ओलांडली गेली आणि सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज नाहीशी झाली. सगळा भार शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर पडला, ती सुटली, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद झाली, आणि अख्खे राज्य अंधारात गेले. धक्कादायक गोष्ट म्हणजे ग्रिड चालवणाऱ्यांना ही मर्यादा आहे हेच माहीत नव्हते. वारा भरपूर होता, यंत्रे धडधाकट होती, चूक एका सेटिंगची होती आणि ती नंतर सॉफ्टवेअरमध्येच सुधारली गेली. पुढे त्या राज्याने चार समकालिक कंडेन्सर बसवले. ही वीज न बनवणारी, नुसती फिरणारी जड यंत्रे आहेत.

नुसती फिरणारी यंत्रे कशासाठी? जुन्या केंद्रांतली टनावारी वजनाची चक्रे ५० किंवा ६० हर्ट्झच्या तालात फिरत असतात. कुठे बिघाड झाला तरी ती लगेच थांबत नाहीत, आपल्या वेगातली ऊर्जा देत राहतात आणि ग्रिडला सावरायला काही सेकंद मिळतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते. त्यांचे बहुतेक इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणारी यंत्रे, ग्रिडचा ताल ऐकून मागे मागे चालतात. ताल हरवला की तेही गप्प होतात. आता स्वतः ताल धरणारे इन्व्हर्टर आले आहेत, आणि या सगळ्या स्थित्यंतरातली सर्वांत मोलाची नवलाई मला तीच वाटते. नवी मोठी बॅटरी घेताना हा गुण मागून घ्या. नंतर बसवणे महाग पडते.

दुसरी घटना फेब्रुवारी २०२१ ची, टेक्सासमधली. कडाक्याच्या थंडीत काही पवनचक्क्यांवर बर्फ जमला आणि त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. पण सर्वांत जास्त वीज गेली ती नैसर्गिक वायूच्या केंद्रांची. विहिरी, झडपा, नळ्या गोठल्या. एका अणुसंचाची पाण्याचा दाब मोजणारी बारीक नळी गोठली आणि तो संचही थांबला. त्यात एक दुष्टचक्र असे, की भार कमी करण्यासाठी जिथली वीज कापली त्यांत वायू पुढे ढकलणारी विजेवरची केंद्रेही होती. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही. अधिकृत नोंदीप्रमाणे २४६ माणसे गेली. तुमच्या यंत्रणेत कोण कुणावर अवलंबून आहे याचा नकाशा आधी काढा, आणि अत्यावश्यक भारांची यादी कागदावर ठेवा. थंड प्रदेशांत पाती तापवणाऱ्या पवनचक्क्या वर्षानुवर्षे चालतात; तिथे तेवढी सोय करून घेतली नव्हती.

तिसरी, २८ एप्रिल २०२५ ची. भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल काळोखात गेले. त्या वेळी सौर वीज मुबलक होती, त्यामुळे संशय तिच्यावर गेला. तपासात पुढे आले ते वेगळेच: व्होल्टेज वाढत गेले, वाढलेल्या व्होल्टेजमुळे केंद्रे सुटत गेली, आणि प्रत्येक केंद्र सुटताना व्होल्टेज आणखी चढले. व्होल्टेज आवरण्याचे काम ज्या पारंपरिक केंद्रांकडे होते ती कमी पडली. सौर प्रकल्पांचे इन्व्हर्टर हे काम करू शकले असते, पण तिथल्या नियमांनी त्यांना ठरावीक गुणोत्तरावर (पॉवर फॅक्टरवर) बांधून ठेवले होते, त्यामुळे व्होल्टेज पाहून वागणे त्यांना शक्य नव्हते. क्षमता अंगात होती, परवानगी नव्हती.

हेच तुमच्या छतावर

दुपारी बारा-साडेबाराला निर्मिती एकदम शून्यावर येते, दहा मिनिटांनी परत सुरू होते, आणि असे रोज घडते. पॅनेल खराब समजून लोक विक्रेत्याशी भांडत बसतात. आधी इन्व्हर्टरची नोंद उघडा. बहुतेकदा तिथे जास्त व्होल्टेजचा संकेत सापडतो. आजूबाजूची सगळी छते एकाच वेळी वीज बाहेर ढकलतात, इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असते, आणि रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे व्होल्टेज ठरवणारी कळ, जुन्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या काळात वर लावून ठेवलेला असतो. केबल जाड करा, टॅप उतरवण्यासाठी वितरण कंपनीकडे लेखी मागणी करा, आणि इन्व्हर्टरमधली व्होल्टेज सावरण्याची सोय चालू करून घ्या. काही तंत्रज्ञ सुरक्षेची मर्यादाच वाढवून देतात. तसे कधीही करू देऊ नका, त्याचा मार शेजारच्यांच्या उपकरणांना बसतो.

निर्मिती एकदम न जाता सतत कमी येत असेल तर तपासाचा क्रम वेगळा. आधी सावली. एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या माळेत पाण्याच्या टाकीची किंवा तारेची अरुंद सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्या त्या भागातली वीज जाते, आणि सावलीतला सेल तापून कालांतराने करपतो. मग धूळ. मग जोड: दोन वेगवेगळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत बसतात असे दिसले तरी आतून सैल राहतात, तापतात, आणि छतावरच्या आगीचे ते एक नेहमीचे कारण आहे. पॅनेल बदलायचा विचार सर्वांत शेवटी.

उष्णतेला दोष समजू नका, ती हिशेबात धरा. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते. कडक उन्हात सेल ६५ अंशांवर गेला आणि अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तर १४ टक्के वीज तिथेच कमी होते. म्हणून पॅनेल छताला चिकटवू नयेत, खालून हवा खेळू द्यावी.

हायड्रोजन सगळीकडे

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते आणि तो पाण्यापासून बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. मग तो दाबायचा, वाहून न्यायचा, इंधन घटात पुन्हा वीज करायची. सुरुवातीच्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा हाती उरतो. जिथे तार किंवा बॅटरी पोहोचते तिथे, म्हणजे घराची ऊब, मोटारी, रोजचा साठा यांसाठी हायड्रोजन वापरणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जिथे दुसरा मार्गच नाही तिथे मात्र तो अमूल्य आहे. खतांसाठीचा अमोनिया आजही हायड्रोजनपासूनच बनतो, फक्त तो हायड्रोजन वायू किंवा कोळशातून येतो. पोलादात कोळसा धातुकातला ऑक्सिजन ओढून घेण्याचे काम करतो, आणि ते हायड्रोजनही करू शकतो. स्वीडनमधल्या लुलेओ इथल्या हायब्रिट प्रकल्पाने २०२१ मध्ये अशा लोखंडापासून बनवलेले पोलाद पहिल्यांदा ग्राहकाला दिले. या क्षेत्रातली नेहमीची चूक म्हणजे “फुकट वाया जाणाऱ्या दुपारच्या विजेवर” इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र, चालवण्याचा आराखडा. दिवसातले तीन-चार तास चालणाऱ्या महागड्या यंत्राचा भांडवली खर्च प्रत्येक किलोवर चढतो आणि स्वस्त विजेचा फायदा गिळून टाकतो.

प्रयोगशाळेतल्या विक्रमांबद्दल थोडेसेच. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या नव्या स्फटिकी पदार्थाचा थर दिलेल्या सौर सेलने २०२४ मध्ये ३४.६ टक्के कार्यक्षमता गाठली, एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्क्यांच्या आसपास असताना. आनंदाची बातमी आहे. पण हा थर ओल, उष्णता आणि उन्हात पंचवीस वर्षे टिकायला हवा, आणि तोपर्यंत आजचे पॅनेल घ्यायचे थांबवू नका.

नैसर्गिक वायूला कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे नेणारा ‘पूल’ म्हटले जाते; तसे म्हणताना गळती मोजा. या वायूतला मुख्य घटक मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो, त्यामुळे विहिरीपासून बर्नरपर्यंत काही टक्के जरी निसटला तरी कोळशावरची आघाडी संपते.

माणसे हिशेबाबाहेर

खाण किंवा केंद्र बंद करण्याची तारीख आधी जाहीर करायची आणि कामगारांचे काय ते मागाहून बघायचे, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. जर्मनीने दगडी कोळशाचे अनुदान संपवण्याचा करार २००७ मध्ये केला आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बॉट्रॉपला बंद झाली. मधली अकरा वर्षे लवकर निवृत्ती, बदल्या आणि नव्या प्रशिक्षणात गेली, सक्तीची कपात न करता. करार केंद्र सरकार, कोळशाची राज्ये, खाण कंपनी आणि कामगार संघटना यांनी मिळून केला होता.

पवनचक्क्यांना होणाऱ्या विरोधाचेही तसेच. आवाज, सावली, बदललेले क्षितिज हे सगळे गावाच्या वाट्याला आणि उत्पन्न दूरच्या कंपनीला, असे असेल तर लोक उभे राहणारच. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेचे बेट होण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तिथे चार हजारांच्या आसपास लोक राहतात. दहा वर्षांत त्यांनी जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या केल्या. त्यांतल्या काही शेतकऱ्यांच्या आहेत, काही सहकारी भागधारकांच्या, काही नगरपालिकेच्या. जागा कोणती, उंची किती, भाग कुणाला, हे सभांमधून ठरले, आणि त्या सभांना यंत्रे उभारण्यापेक्षा जास्त वेळ लागला.